बाविसाव्या मजल्यावरचं पान

"शिवला का?"

दार उघडून आईनं एवढंच विचारलं. मी चपला काढायला खाली वाकले. बिनपट्ट्यांच्या चपला काढायला वाकावं लागत नाही, तरी वाकले. आणि खालच्या मानेनंच म्हटलं, "शिवला."

भाद्रपदातली गोष्ट. आता मार्गशीर्ष लागला, सोसायटीतले आकाशकंदीलसुद्धा उतरले, तरी ते 'शिवला' दातात अडकलेल्या सुपारीच्या खांडासारखं तिथंच आहे. जीभ सारखी तिकडे जाते.

आमच्याकडे श्राद्ध नसतं. नुसतं पान असतं. हा आईनं काढलेला मधला मार्ग. नाना, म्हणजे माझे वडील, गेले त्याला सहा वर्षं झाली. जाण्याआधी त्यांनी दोनतीनदा बजावून ठेवलं होतं की दहावं-तेरावं नको, भटजी नको, पिंड नको. जवाहरबागेच्या स्मशानात नेऊन द्या आणि घरी येऊन चहा प्या. आईनं ते तंतोतंत पाळलं, चहासकट. लोक काय म्हणतील याचा विचार तिनं केला असणार, पण बोलून दाखवला नाही. मग पहिला पितृपक्ष आला आणि दशमीच्या आदल्या रात्री बघते तर ओट्यावर उडदाची डाळ भिजत घातलेली. मी नुसतं तिच्याकडे बघितलं. ती म्हणाली, "श्राद्ध करू नका म्हणाले होते. वडे करू नका असं कुठं म्हणाले?" तेव्हापासून दर वर्षी दशमीला केळीच्या पानाचा तुकडा, त्यावर वरणभात, वडे, गवारीची भाजी, अळूचं फतफतं, आमसुलाची चटणी आणि स्टीलच्या वाटीत तांदळाची खीर. मंत्र नाही, तीळ-दर्भ नाही. पान वाढायचं आणि कावळ्यापुढे ठेवायचं, बस.

अडचण कावळ्याची आहे. पाचपाखाडीच्या दोन खोल्यांत होतो तेव्हा स्वयंपाकघराच्या खिडकीत एक कावळा रोज यायचा. नाना त्याला सकाळच्या पोळीचा पहिला तुकडा घालत. त्यात धार्मिक काही नव्हतं. "हा माझा पहिल्या पाळीतला गडी," म्हणायचे. आता वाघबीळला बाविसाव्या मजल्यावर राहतो. एका खिडकीतून येऊरचे डोंगर, दुसरीतून खाडी, आणि डोळ्यांच्या रेषेत घारी फिरतात. घारीची पाठ वरून बघायला मिळते, हे इथं आल्यावरच कळलं. पण कावळा इतक्या वर येत नाही. येतात ती कबुतरं, आणि त्यांच्यासाठी बाल्कनीला जाळी ठोकलेली. टेरेसला कुलूप. तेव्हा पान खाली नेऊन ठेवणं माझ्याकडे.

त्या दिवशी बारा वाजत आले होते. उघडीप पडून दोन दिवस झालेले, ऊन नुसतं चावत होतं. मी पान ताटात घेऊन लिफ्टमध्ये शिरले. आत एक डिलिव्हरीवाला पोरगा होता, हेल्मेट डोक्यावर तसंच, पाठीला रिकामी बॅग. समोर सोसायटीची नोटीस, 'पक्ष्यांना खाद्य टाकण्यास सक्त मनाई, दंड रु. 500/-'. ती वाचता वाचता मला एकदम नानांचा श्लोक आठवला. नानांचा म्हणजे चार्वाकांचा. चौदाव्या शतकातल्या माधवाचार्यांनी 'सर्वदर्शनसंग्रहा'त तो खोडून काढण्यासाठी नोंदवून ठेवला म्हणून आपल्यापर्यंत पोचला. चार्वाकांची स्वतःची पोथी काही उरली नाही, त्यांचं जे काही मिळतं ते बहुतेक विरोधकांच्या ताटातलं उष्टं.

स्वर्गस्थिता यदा तृप्तिं गच्छेयुस्तत्र दानतः ।
प्रासादस्योपरिस्थानामत्र कस्मान्न दीयते ॥

इथं दान केल्यानं स्वर्गातले तृप्त होत असतील, तर माडीवर बसलेल्या माणसाचं पान खालीच का वाढत नाही? तो वर बसल्या बसल्या ढेकर देईल की. नाना हा श्लोक म्हणून झाल्यावर खरोखरच ढेकर द्यायचे. आणि माझ्या शेजारी, हेल्मेट घालून, तो युक्तिवाद जिवंत उभा होता. खाली ठेवलेलं जेवण बाविसाव्या मजल्यावर पोचत नाही, म्हणून तर बिचाऱ्याला दिवसभर वर-खाली करावं लागतं. मी मोठ्यानं हसले. पोरानं माझ्याकडे बघितलं, ताटातल्या पानाकडे बघितलं आणि अदबीनं मान फिरवली. पितृपक्षातलं पान हातात घेऊन हसणाऱ्या बाईशी काय बोलणार?

खाली वॉचमननं हटकलं. "ताई, आत नको. भिंतीपलीकडं ठेवा, सगळे तिथंच ठेवतात."

भिंतीपलीकडे, मेट्रोच्या कामाचे निळे पत्रे जिथं संपतात तिथं एक गुलमोहर आहे. त्याच्या बुंध्याशी पंगत बसली होती. अकरा पानं मी मोजली. पत्रावळी, थर्माकोलच्या प्लेटा, फॉइलचे डबे. एका प्लेटमध्ये वरणभाताशेजारी चक्क शेजवान नूडल्स होत्या, गेलेल्या माणसाची आवड असणार. तो कोण असेल, केवढा असेल, हा विचार मनात आला आणि हसू गेलं. कावळे चारच होते. चौघेही फांदीवर पिसं फुगवून बसलेले, पंगतीत आग्रह झालेल्या व्याह्यांसारखे. "दहाच्या आत यायचं," वॉचमन म्हणाला. "आता पोटं भरली त्यांची." मी बारावं पान ठेवलं आणि मागं सरून उभी राहिले. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मग एक कावळा उतरला. तिरक्या उड्या मारत आमच्या पानाशी आला, मान वाकडी करून वड्याकडे बघितलं, आणि तसाच पुढे जाऊन तिसऱ्या पानावरचा वडा उचलून उडाला.

दुसऱ्याच कुणाच्या तरी बापाचा वडा.

वीस मिनिटं झाल्यावर मी एक गोष्ट केली. आजूबाजूला बघितलं, वॉचमन गाडीला फाटक उघडत होता, आणि हलक्या आवाजात म्हटलं, "नाना, आईचं मी बघते हो." लहानपणी गावी आजोबांच्या दहाव्याला हेच ऐकलेलं. कावळा शिवेना तेव्हा काका पुढे होऊन म्हणाले होते, धाकटीचं लग्न मी लावून देईन, आणि कावळा झडप घालून आला होता. सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी. माझं वय तेव्हा नऊ. नाना मात्र नंतर मला नदीच्या कडेला घेऊन गेले आणि म्हणाले, "कावळा आला कारण माणसं मागं सरली. तू मोजलं नाहीस, मी मोजलं. आठ पावलं." तर त्या माणसाची ही मुलगी, बँकेत शाखाधिकारी, गुलमोहराखाली कावळ्याला वचन देत उभी. आणि कावळा ढिम्म हलला नाही.

मग मी वर आले आणि 'शिवला' म्हटलं. शब्द खोटा नव्हता. कावळा शिवला होताच, फक्त आमच्या पानाला नाही. नाना असल्या पळवाटेला 'वकिली' म्हणायचे, आणि त्यांना ती अजिबात खपत नसे.

नाना वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात सरफेस ग्राइंडर चालवत. शिक्षण मॅट्रिक. वाचन मात्र अफाट, आणि तेही एकाच विषयाचं. देव आहे का, आणि असलाच तर त्याच्याविषयी शहाणी माणसं काय म्हणाली. ठाणे मराठी ग्रंथसंग्रहालयाचे ते सभासद. 1893 सालची ती संस्था, तिथल्या कपाटांपुढे शनिवारी दुपारी नाना जसे उभे राहत तसे मी त्यांना कुठल्या देवळात उभे राहिलेले पाहिलं नाही. दोनशे पानी वह्यांत उतारे काढून ठेवत. तत्त्वज्ञांना ते 'मंडळी' म्हणत. "मंडळींचं काय म्हणणं आहे बघू." त्यात झेनोफनीस असे, ज्यानं अडीच हजार वर्षांपूर्वी म्हणून ठेवलं की बैलांना आणि घोड्यांना हात असते तर त्यांनी देवाची चित्रं बैलासारखी नि घोड्यासारखी काढली असती. एपिक्युरस असे, ज्याच्या मते देव आहेत, पण ते आपल्या सुखात इतके रमलेत की आपल्याकडे ढुंकून बघत नाहीत. "आपल्या मालकांसारखे," नाना म्हणायचे. "आहेत, पण शॉपफ्लोअरवर येत नाहीत." घरात जेवताना हे चालायचं. मला वाटे सगळ्यांच्याच घरी चालत असेल.

हे सगळं गंमत म्हणून नव्हतं, ते फार उशिरा कळलं. नानांची धाकटी बहीण अकराव्या वर्षी गेली. ताप होता. तालुक्याला डॉक्टर होता, पण घरच्यांनी आधी देवऋषी आणला, त्यानं अंगारा लावून दोन दिवस थांबायला सांगितलं. त्या दोन दिवसांबद्दल नाना आयुष्यात बहुधा दोनदाच बोलले. लुक्रेशियस नावाच्या रोमन कवीचा एक उतारा मात्र त्यांनी वेगवेगळ्या वह्यांत पाच वेळा उतरवून घेतला आहे. युद्धाच्या गलबतांना वारा मिळावा म्हणून बाप आपल्या पोटच्या मुलीला बळी देतो, त्या प्रसंगाचा. शेवटी कवी म्हणतो, माणसाकडून इतकी वाईट कृत्यं करवून घेण्याची ताकद धर्मात होती. पाचही ठिकाणी त्या ओळीखाली रेघ आहे. पाचवी रेघ थरथरलेली आहे, पण तोवर वयही झालं होतं, तेव्हा उगाच अर्थ काढत नाही.

आई याच्या अगदी उलट, असं लिहिणार होते. पण ते खरं नाही. उलट असती तर भांडणं झाली असती. आई त्यांच्या बोलण्याला सांडशीनं धरायची आणि बाजूला ठेवायची. माझं लग्न लांबत होतं तेव्हा तिनं टिटवाळ्याच्या गणपतीला नवस बोलला. लग्न ठरलं. फेडायला आम्ही तिघं लोकलनं निघालो, नानाही आले, कारण नारळांची पिशवी जड होती. डोंबिवली गेल्यावर त्यांनी डायगोरसची गोष्ट काढली. हा ग्रीक नास्तिक. रोमन लेखक सिसरोनं त्याचा किस्सा लिहून ठेवलाय. मित्रानं त्याला देवळात नेलं आणि भिंतीवरच्या पाट्या दाखवल्या. वादळात सापडलेल्यांनी नवस बोलला, वाचले, म्हणून ही चित्रं लावली. आता तरी पटलं का, देवांना माणसांची काळजी असते ते? डायगोरस म्हणाला, बुडाले त्यांची चित्रं कुठे आहेत? नाना हे सांगून जिंकल्यासारखे खिडकीबाहेर बघायला लागले. आई म्हणाली, "त्यांनी नवस उशिरा बोलला असेल." आणि मला म्हणाली, "उठ, कल्याण आलं, दाराशी गर्दी होईल." समोरच्या बाकावरचा माणूस इतका हसला की त्याला ठसका लागला. नानांनी त्याला आपल्या बाटलीतलं पाणी दिलं.

दुसरा प्रसंग तुकोबांचा. नानांना गाथेत सापडलं, 'आहे ऐसा देव वदवावी वाणी । नाहीं ऐसा मनीं अनुभवावा ॥' ते उठून स्वयंपाकघरात गेले. आईचं भजनी मंडळ दर गुरुवारी असायचं, त्यामुळे तुकोबा म्हणजे तिच्या माहेरचा माणूस. त्यालाच फोडला की काय अशा आनंदात त्यांनी ओळ वाचून दाखवली. म्हणाले, बघ, देव आहे असं तोंडानं म्हणायचं आणि नाही असं मनातून अनुभवायचं, हे तुझा तुकोबाच सांगतोय. आईनं भाकरी उलटली. म्हणाली, "मग तुम्ही निम्मंच करता."

नाना बाहेर येऊन बराच वेळ गप्प बसले होते. मला ते तेव्हा हरल्यासारखे वाटले. आता वाटतं, ते खरोखर विचार करत असावेत. त्या ओळीत त्यांना कबुली दिसली होती, आईला सूचना दिसली, आणि तुकोबांना बहुधा तिसरंच काही म्हणायचं असेल, ज्याचा आम्हा तिघांनाही पत्ता नसेल.

गुलमोहराखालच्या त्या वीस मिनिटांनंतर मी नानांच्या वह्या काढल्या. खोटं का बोलले याचं उत्तर वहीत सापडणार नव्हतंच, पण दुसरं कुठे शोधणार? मीमांसकांवरच्या उताऱ्यांशी मी अडकले. मीमांसक म्हणजे यज्ञयागाच्या नियमांची चिरफाड करणारी मंडळी. कर्मकांडाबद्दल इतका काटेकोर संप्रदाय आपल्याकडे दुसरा नसेल. आणि तेच म्हणतात की जग निर्माण करणारा ईश्वर मानायची गरज नाही. शबरस्वामी तर पुढे जाऊन सांगतात की यज्ञातल्या देवतेला शरीर नाही. ती खात नाही, प्रसन्न होत नाही. समोरचा विचारतो, मग देवाला दाखवलेलं अन्न नंतर बेचव का लागतं? देवानं त्यातला रस घेतला म्हणूनच ना? शबरस्वामींचं उत्तर असं की वाऱ्यानं लागतं, गार झाल्यानं लागतं. हे वाचून मी वहीतून मान वर केली. दीड-एक हजार वर्षांपूर्वीचा हा पंडित, पण बोलणं थेट आमच्या स्वयंपाकघरातलं. मग देवता म्हणजे काय उरतं? ज्याला उद्देशून द्रव्य सोडायचं तो शब्द. 'इंद्राय', 'अग्नये'. नानांनी समासात मोठ्या अक्षरात लिहिलंय, 'देव = चतुर्थी विभक्ती! स, ला, ते!!' दोन उद्गारचिन्हं. कामाच्या पाळीहून येऊन रात्री अकराला कुणी माणूस व्याकरणानं इतका खूश झालेला मला माहीत नाही.

मला ते पटलं, आणि पटलं म्हणून थोडं भ्यायले. कारण ते फार सोयीचं आहे. पान नानांना. नाना नाहीत, तरी 'नानांना' आहे. कावळा येवो न येवो, वडा गुलमोहराखाली गार होवो, आईनं पहाटे उठून डाळ वाटली ती 'नानांना'. इतकं सुंदर उत्तर हाती लागलं की मला संशय येतो. मीमांसक काही आमच्या आईसाठी लिहीत नव्हते. त्यांना यज्ञ हवा होता, त्याचं फळ हवं होतं, स्वर्ग हवा होता, आणि तो कुणाला मिळावा, वेद कुणी ऐकावेत, याचे कडक नियमही हवे होते. आमच्यासारख्या बिनभटजीच्या पानाकडे त्यांनी ढुंकूनही बघितलं नसतं, त्यात वाढणारी विधवा आणि नेऊन ठेवणारी मुलगी. आपल्याला हवी तेवढी विभक्ती उचलायची आणि बाकीचं वाक्य सोडून द्यायचं, हीसुद्धा वकिलीच.

शिवाय प्रश्न पानाचा नव्हताच. मी खोटं बोलले त्याचा होता.

नानांचा सगळ्यांत लाडका माणूस स्पिनोझा. कारण तो हातानं काम करायचा. दुर्बिणींची भिंगं घासून पोट भरायचा. "ग्राइंडरवालाच की आपला," नाना म्हणत, आणि त्यांचा आवाज जरा वेगळा व्हायचा. 1656 च्या जुलैत ॲमस्टरडॅमच्या ज्यू समाजानं त्याला वाळीत टाकलं. वय तेवीस. कुणी त्याच्याशी बोलू नये, त्याच्या चार हातांच्या आत जाऊ नये, त्यानं लिहिलेलं वाचू नये. निसर्ग आणि देव ही एकाच गोष्टीची दोन नावं, असं त्याचं म्हणणं. प्रार्थना ऐकणारा, रागावणारा, पावणारा देव त्याच्या लेखी नाही. तर हा माणूस शेवटची वर्षं हेग शहरात एका चित्रकाराच्या घरी भाड्यानं राहत होता. घरमालकीण साधी, चर्चला जाणारी. एकदा तिनं त्याला विचारलं, माझ्या धर्मानं राहून माझा उद्धार होईल का? कोलेरस नावाच्या पाद्र्यानं त्याच्या चरित्रात हे लिहून ठेवलंय. स्पिनोझा म्हणाला, तुमचा धर्म चांगला आहे. दुसरा शोधायची गरज नाही. तुम्ही शांतपणे, सद्भावनेनं जगा म्हणजे झालं.

नाना हे सांगताना नेहमी त्या घराचं वर्णन करायचे. जिना, चुलीचा धूर, खाली मुलं, वर तो भिंगं घासतोय. वहीत यातलं काहीच नाही, तो जिना त्यांनी स्वतः बांधला होता. पण ते उत्तर सांगून झालं की गप्प व्हायचे. मी एकदा विचारलं होतं, म्हणजे तो तिच्याशी खोटं बोलला? नाना म्हणाले, "नाही. तो जे म्हणाला ते त्याला खरंच वाटत होतं. शांतपणे जगा, हे त्यानं पुस्तकातही तेच लिहिलंय. त्यानं फक्त तिच्या भाषेत सांगितलं." मग थोड्या वेळानं म्हणाले, "मला नाही जमत ते."

जमत नव्हतंच. आईनं विचारलं असतं तर नानांनी सरळ सांगितलं असतं, नाही शिवला, आणि वर कावळ्यांच्या पोटाचं आकारमान समजावून दिलं असतं. जर्मन कवी हाइने यानं तत्त्वज्ञ कांटची अशी थट्टा केली आहे की त्यानं आधी तर्कानं देवाचे सगळे पुरावे मोडीत काढले, मग दाराशी म्हातारा नोकर लांपं छत्री घेऊन रडवेला उभा दिसला, आणि कांटला दया आली. लांपंला देव पाहिजे, नाहीतर बिचारा सुखी कसा होईल? म्हणून पुढच्या ग्रंथात देव परत आणला. कांटवर हा अन्याय आहे. नीतीसाठी देव गृहीत धरण्यामागची त्याची कारणं चांगली भक्कम आहेत, ती छत्रीवर उभी नाहीत. पण थट्टा विसरता येत नाही, कारण दाराशी कुणीतरी उभं असतंच. माझ्या बाबतीत दार आईनं उघडलं होतं, आणि मी तिची लांपं करून टाकली. तिला खरं झेपणार नाही असं मीच ठरवलं. ज्या बाईनं डायगोरसला कल्याणच्या आत उतरवलं, तिला!

नाना गेले तेव्हा त्यांचे कपडे मी आवरले. पास्कलची गोष्ट डोक्यात होती. 1662 मध्ये हा मोठा गणिती मेला तेव्हा त्याच्या कोटाच्या अस्तरात एक कागद शिवलेला सापडला. 23 नोव्हेंबर 1654 च्या रात्री साडेदहा ते साडेबारा त्याला काहीतरी दिसलं होतं. 'अग्नी', आणि खाली, 'अब्राहमचा देव, इसाकचा देव, याकोबचा देव; तत्त्वज्ञांचा आणि पंडितांचा नव्हे.' आठ वर्षं त्यानं ते अंगावर वागवलं, कुणाला सांगितलं नाही. तर मी नानांचा लग्नाकार्यातला एकुलता एक कोट, दोन सफारी, सात शर्ट, सगळ्यांचे खिसे तपासले. अस्तरसुद्धा चाचपलं. निघालं काय, तर रेल्वेचा संपलेला पास, ग्रंथसंग्रहालयाची पावती आणि आईच्या अक्षरातली यादी, मेथी 2 जुड्या, आलं, हिंग छोटी डबी. मी जरा निराश झाले. मग निराश झाल्याची लाज वाटली. माणूस आयुष्यभर एकच बोलत आला, तसाच गेला, आणि लेक अस्तरात वेगळं काही शोधतेय.

परवा आईबरोबर मेथी निवडायला बसले होते. टीव्ही बंद होता. मी म्हटलं, "आई, तो कावळा शिवला नव्हता गं."

ती देठ मोडत राहिली. "ठाऊकाय."

"कसं?"

"शिवला असता तर तू दारातूनच सांगत आली असतीस. कुठून आला, काय उचललं, सगळं. नुसतं 'शिवला' म्हणून चपला काढत बसली नसतीस." मग पिवळं पान बाजूला टाकत म्हणाली, "आणि ते कसले येतायत. एकदा नको म्हणाले की नको. हट्टी माणूस."

"मग विचारलंस कशाला?"

"विचारतात," ती म्हणाली.

मी पुढे काही बोलणार तेवढ्यात तिनं विचारलं, "खिरीची वाटी कुठंय? सहा होत्या, पाचच दिसतायत मला." मला घामच फुटला. ती वाटी मी पानाबरोबर गुलमोहराखालीच ठेवून आले होते आणि विसरले होते, दोन-अडीच महिने. वाटी कारखान्यातली होती. नानांना पंचवीस वर्षं झाली तेव्हा सोबत्यांनी वर्गणी काढून सहा वाट्या दिलेल्या. मी तशीच खाली गेले. तिथं आता काय असणार? पत्रेही पुढे सरकलेत. वॉचमनला विचारलं तर तो केबिनमध्ये गेला आणि टेबलावरून वाटी उचलून आणली. त्यानं तिच्यात रबरबँड, पेनांची टोपणं आणि एक किल्ली ठेवली होती. ते सगळं त्यानं खिशात ओतलं, वाटी बाहीला पुसली. "नाव होतं वरती," तो म्हणाला, "म्हणून ठेवली. म्हटलं, कुणीतरी येईल विचारत."

लिफ्टमध्ये मी ती उजेडाकडे धरली. काठाखाली टोचून कोरलेली अक्षरं, खाचांत काळं बसलेलं. नानांचं पूर्ण नाव, आणि पुढे 'यांस'. त्यापुढचं 'सप्रेम भेट' घासून घासून जवळपास गेलं होतं. बारा, तेरा, चौदा. आई दार उघडं ठेवून मेथी निवडत असणार.